गाडीत रुग्ण असेल तरच

कायदा करणाऱ्यांची अक्कल मोजायचं यंत्र अजून कुणी काढलेलं नाही, म्हणूनच हा कायदा होऊ शकला. ॲम्ब्युलन्सच्या टपावरचा दिवा कधी लावायचा आणि कधी नाही, याबद्दलचा. कायद्यात त्याला दिवा म्हणत नाहीत, ‘इशारादीप’ म्हणतात. दिवा म्हटलं असतं तर सगळ्यांनाच कळलं असतं आणि मग कायदेवाल्यांना कुणी विचारलं नसतं. कलम असं होतं, की रुग्णवाहिकेवरचा इशारादीप रुग्ण प्रत्यक्ष वाहनात असेल तरच प्रज्वलित करावा. रुग्ण नसताना दिवा दिसला तर गाडी जागच्या जागी जप्त आणि ड्रायव्हरचं लायसन रद्द.

हे कलम आलं कुठून, तेही सांगायला हवं. एका बड्या असामीला आपली मोटार एका ॲम्ब्युलन्ससाठी कडेला घ्यावी लागली. पुढच्या चौकात त्याने मान उंचावून आत पाहिलं, तर स्ट्रेचर रिकामा. आपण रिकाम्या गाडीसाठी थांबलो, ही गोष्ट त्याच्या इतकी जिव्हारी लागली की त्याने समिती बसवून घेतली आणि समितीने कलम. रुग्णाला आणण्याआधी त्याच्याकडे जावं लागतं, हे त्या अख्ख्या समितीत एकाच्याही डोक्यात आलं नाही. पुढे कुणीतरी भीत भीत विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की रुग्णांनी वेळेवर फोन करावा.

त्याच कायद्यात आग विझवायला निघालेल्या बंबाला धूर दिसू लागल्यावरच दिवा लावायची मुभा होती. आणि दिवे तपासायला जो विभाग नेमला, त्याच्या मोटारींना मात्र लाल आणि निळा असे दोन्ही दिवे, कधीही, कुठेही. चहाच्या टपरीपुढे त्या मोटारी उभ्या असत तेव्हाही टपावर दिवाळी आल्यासारखी लखलख चालू असे.

आता माणसं उपाय शोधतातच. सरकारी इस्पितळाच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांनीही शोधला. पेशंट आणायला निघताना गाडीवरच्या अटेंडंटने स्ट्रेचरवर आडवं व्हायचं, गळ्यापर्यंत चादर ओढायची, तोंड भिंतीकडे करायचं. झाला रुग्ण वाहनात. मग दिवा लावा, सायरन लावा, कोण काय करतंय. पेशंटच्या दारात पोचलं की चादर झटकून उठायचं आणि खऱ्या पेशंटला जागा द्यायची. इस्पितळातल्या सगळ्यांना हे ठाऊक होतं. वरच्या डॉक्टरांनाही ठाऊक होतं. त्यांनी फक्त, चादर रोज बदला, एवढंच सांगितलं होतं. एका खासगी दवाखान्याने माणसाऐवजी दुकानातला कपडे घालायचा पुतळा झोपवला होता. तो ऐन तपासणीत मुंडक्यावेगळा झाला आणि दवाखान्याची गाडी गेली. तेव्हापासून जिवंत माणूसच बरा, यावर सगळ्यांचं एकमत होतं.

बांबू या कामात मुरलेला. उंची अशी की स्ट्रेचरवर पडला की तंगड्या घोट्यापासून पुढे बाहेर. गाडी चालवणाऱ्या मामांनी त्याला पहिल्याच दिवशी बांबू हे नाव ठेवलं आणि ते पगारपत्रक सोडून सगळीकडे चिकटलं. घरी बायको म्हणायची, "लोक मरमर मरतात आणि तुम्हाला पडून राहायचा पगार." बांबू हसून सोडून द्यायचा. पण आत कुठेतरी त्याला त्याची चीड होती. पडून राहिलेल्या माणसाला फक्त गाडीचं छत दिसतं, पंखा दिसतो, सिलिंडरचा काटा दिसतो, आणि विचार करायला वेळच वेळ मिळतो. तो मनातल्या मनात त्या समितीला शिव्या घालत राहायचा, आणि पडून पडून त्यात चांगलाच तरबेज झाला होता.

या धंद्याचे काही अलिखित नियम होते. झोपलेल्याने बोलायचं नाही, हलायचं नाही आणि कण्हायचं तर मुळीच नाही. तपासनीस काचेतून डोकावतात, आडवा माणूस दिसला की हात हलवून सोडतात. त्यांनाही दुपारचं जेवण असतं. कण्हलात तर त्यांना काहीतरी करावं लागेल, असं मामा सांगायचे.

त्या दिवशी सकाळी फोन आला तो इस्त्रीवाल्या मावशींच्या लेकीचा. मावशींचं इस्त्रीचं दुकान जुन्या बाजारात, दुकानाच्या वरच त्यांची खोली. दमा जुना. बांबूने आणि मामांनी त्यांना आधीही दोनदा उचलून आणलं होतं. दोन्ही वेळा बांबूने त्या अरुंद जिन्यात बसूनच त्यांच्या तोंडाला मास्क लावला होता, आणि दोन्ही वेळा निळे पडलेले ओठ पुन्हा माणसासारखे झालेले पाहिले होते. दुसऱ्या खेपेला मावशी डिस्चार्ज घेऊन गेल्या आणि चार दिवसांनी बांबूचे सगळे शर्ट मागवून घेऊन कडक इस्त्री करून परत पाठवले. फोनवर लेक म्हणाली, "पंप मारून झाला, काही उपयोग नाही. तुम्ही निघा." त्यात रडारड नव्हती, म्हणूनच बांबूला धसका बसला. मावशींना हवा तो ऑक्सिजन या गाडीत होता. इस्पितळात गाडीसाठी म्हणून तेवढा एकच सिलिंडर, आणि तोही अर्धा.

मामांनी दिवा लावला. बांबू आडवा झाला.

जुन्या बाजाराच्या अलीकडच्या चौकात गाडी थांबली आणि मागचं दार उघडलं. काचेतून कुणी डोकावलं नाही, सरळ दारच उघडलं. बांबूने डोळे गच्च मिटले. तपासनीस नवा होता. नवा आणि मन लावून काम करणारा, म्हणजे सगळ्यात वाईट जात. आळशी साहेब परवडतो, त्याच्याकडून निदान अपघाताने तरी लोकांचं भलं होतं. हा आत चढला आणि त्याने बांबूच्या कपाळावर हात ठेवला.

इथे बांबूने घोळ घातला. इतकी वर्षं मुकाट पडून राहिलेला माणूस, पण कपाळावर सरकारी हात पडल्याबरोबर त्याच्या तोंडून हलकंसं कण्हणं बाहेर पडलं. खोटं वाटू नये म्हणून आणखी एकदा कण्हला. आणि ते इतकं झकास जमलं की साहेब हादरले.

"ड्रायव्हर, याच्यासोबत अटेंडंट कुठे आहे?"

"रजेवर आहे साहेब," मामा म्हणाले. दुसरं काय म्हणणार, अटेंडंट त्यांच्यासमोरच पडला होता.

"आणि पेशंट घेऊन तुम्ही इस्पितळाच्या उलट दिशेला कुठे निघालात?"

"वळण चुकलं साहेब."

"इतकी वर्षं गाडी चालवता आणि वळण चुकतं? फिरवा गाडी. मी बसतो पेशंटजवळ. माझी मोटार पुढे राहील, रस्ता मोकळा करून देईल."

"साहेब, इथे जवळच एक पेशंट आहे," मामांनी धीर करून सांगितलं. "दम्याची बाई आहे. तिला घेऊनच जातो ना."

"एक रुग्ण वाहनात असताना दुसऱ्यासाठी थांबता येत नाही. कलम आहे तसं," साहेब म्हणाले, आणि ते खरंच होतं. असलं कलम नसतं तरच नवल.

साहेबांनी विभागातर्फे प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलेलं होतं. तसं त्यांनी स्वतःच सांगितलं. शिकवल्याप्रमाणे त्यांनी बांबूचं मनगट धरलं. नाडी धाडधाड उडत होती, भीतीने उडणारच. साहेबांना वाटलं, माणूस चालला. त्यांनी सिलिंडरचा नॉब फिरवला, मास्क उचलला आणि बांबूच्या नाकातोंडावर बसवला. रबर कानामागून नीट ओढून घेतलं. हात मऊ होता आणि त्यात खरीखुरी काळजी होती. बांबूला पुढे पुष्कळ दिवस त्या काळजीचीच सगळ्यात जास्त चीड येत राहिली.

गाडी वळली. पुढे विभागाची मोटार, लाल निळा दोन्ही दिवे, भोंगा. बांबूने आयुष्यात इतका मोकळा रस्ता अनुभवला नव्हता. ट्रक बाजूला होत होते, बस थांबत होत्या. मावशींकडे जाताना कधी असं झालं नव्हतं.

पडल्या पडल्या त्याला काटा दिसत होता, आणि काटा खाली चालला होता. मावशींचा श्वास त्याच्या धडधाकट छातीत जात होता. उठून बसावं, मास्क फेकावा, साहेबांना सांगावं. मग काय होईल? रुग्ण नाही, दिवा लावलेला. गाडी इथेच जप्त, मामांचं लायसन गेलं, आणि मावशींकडे जायला गाडीच उरली नाही. त्यापेक्षा इस्पितळ गाठावं, साहेबांना वाटेला लावावं आणि सुसाट माघारी फिरावं. हिशेब चोख होता. बांबूने तो मनात पुन्हा पुन्हा करून पाहिला आणि प्रत्येक वेळी चोखच निघाला. त्याने फक्त श्वास कमी घ्यायचा प्रयत्न केला. तर साहेब वाकून म्हणाले, "घाबरू नका, खोल श्वास घ्या. घ्या खोल." आणि नॉब आणखी थोडा उघडला.

इस्पितळात ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी चादरीबाहेर आलेले पाय पाहिले आणि काय ते ओळखलं. त्यांनी बांबूकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घ्या आत." साहेब आता जातील असं सगळ्यांना वाटलं. साहेब गेले नाहीत. रुग्ण स्थिर झाल्याची खात्री करून घेणं त्यांना आवश्यक वाटलं. ते खाटेशेजारी स्टूल ओढून बसले आणि खिशातून पेन काढलं.

तेव्हा मात्र बांबूने मास्क ओढून काढला, सिलिंडर उचलून खांद्यावर टाकला आणि पळत सुटला. साहेब मागून हाका मारत होते, की रुग्णाला कुणीतरी आवरा. मामा फाटकाशी इंजिन चालू ठेवून बसले होते. त्यांनी दिवा लावला. यावेळी मागे कुणी झोपलं नाही.

जुन्या बाजारातल्या त्या जिन्यात मावशी वरून तिसऱ्या पायरीवर बसल्या होत्या, डोकं भिंतीला टेकलेलं. गाडीच्या वाटेकडे डोळे लावून खाली यायला निघाल्या असतील. लेकीने खोलीच्या खिडक्या उघडलेल्या होत्या, दुकानातल्या इस्त्र्या बंद केलेल्या होत्या, जे जे करण्यासारखं होतं ते सगळं केलेलं होतं. बांबूने मास्क लावला. छाती दाबली, पुन्हा पुन्हा दाबली, हात दुखून आले तरी दाबत राहिला. ओठ निळेच राहिले. लेक वरच्या पायरीवर उभी राहून पाहत होती. थोड्या वेळाने तिने खाली येऊन बांबूचा हात धरला आणि थांबवला.

लेकीने तक्रार केली. गाडी उशिरा का आली, एवढाच तिचा प्रश्न होता. दुसऱ्या कुठल्या राज्यकारभारात त्याला उत्तर मिळालं असतं. इथे चौकशी समिती मिळाली.

चौकशीच्या आदल्या दिवशी इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी बांबूला बोलावून घेतलं. खुर्ची दिली, चहा दिला. बांबूला इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी बस म्हटलं नव्हतं, त्यामुळे काहीतरी शिजतंय हे त्याने ओळखलं.

"त्या दिवशी तुला चक्कर आली होती ना?" मोठे साहेब म्हणाले.

"कधी?"

"गाडीत. ड्युटीवर असताना अचानक चक्कर आली. मामांनी तुला स्ट्रेचरवर झोपवलं. म्हणजे रुग्ण वाहनात होता. म्हणजे दिवा कायदेशीर होता. तपासनिसांनी तुला इस्पितळात आणलं, ते त्यांचं कर्तव्यच. त्याच वेळी दुसरीकडे एक बाई दगावली, हे दुर्दैव. बघ, यात कुणाचीच चूक नाही."

बांबूने मनातल्या मनात त्यांना हात जोडले. एका चकरेत सगळ्यांची अंघोळ होऊन सगळे स्वच्छ. इस्पितळ स्वच्छ, विभाग स्वच्छ, कायदा तर लखलखीत. मामांचं लायसन वाचतं, बांबूची नोकरी वाचते. फक्त मावशी मेल्या त्या कुणामुळेच मेल्या नाहीत, एवढं त्या लेकीने मान्य करायचं.

संध्याकाळी त्याने मामांना विचारलं. मामा निवृत्तीला आलेले, घरी दोन लग्नाच्या मुली. मामा गाडी पुसत होते, पुसतच राहिले. "मी वळण चुकलं म्हणून सांगून बसलोय," ते म्हणाले. "तू काय सांगायचं ते तू बघ. मला विचारून सांगू नकोस."

समिती लांबलचक टेबलामागे बसली होती. मध्ये अध्यक्षबाई, एका बाजूला कायदेवाले, दुसऱ्या बाजूला तो तपासनीस. त्याचे डोळे लाल झालेले होते. तो झोपला नसावा. बांबूला क्षणभर त्याची कीव आली आणि लगेच त्या किवेचा राग आला.

"त्या दिवशी आपल्याला काय त्रास होत होता?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"काही नाही," बांबू म्हणाला.

कायदेवाल्यांनी चष्मा काढला. "नीट आठवून सांगा. चक्कर?"

"चक्कर नव्हती. मला काहीही झालेलं नव्हतं. आम्ही रोज असेच झोपतो, दिवा लावता यावा म्हणून. सगळ्या गाड्यांवर झोपतात. तुमचा कायदाच तसा आहे. मी ठणठणीत होतो आणि मावशींचा ऑक्सिजन ओढत पडलो होतो."

बांबूला वाटलं, सुटलो एकदाचे. आता गाडी जाऊ दे, नोकरी जाऊ दे, मामा काय म्हणायचं ते म्हणू देत, पण हे टेबलावर आलं. आता यांना त्याकडे बघावंच लागेल.

अध्यक्षबाईंनी कायदेवाल्यांकडे पाहिलं. कायदेवाल्यांनी तपासनिसाकडे पाहिलं. तपासनीस खालच्या आवाजात म्हणाला, "इस्पितळातही हे असेच अचानक उठून पळाले होते. मास्क ओढून काढला. मी हाका मारत होतो."

"म्हणजे भ्रम," कायदेवाले म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"नाडीही फार जोरात होती," तपासनीस म्हणाला. त्याला हे सांगताना किती हायसं वाटलं, ते स्पष्ट दिसत होतं. तो लबाडी करत नव्हता. त्याला ते मनापासून पटलं होतं, आणि पटलं नसतं तर त्याला पुन्हा कधी झोप लागली नसती.

बांबू बोलत राहिला. पुतळ्याची गोष्ट सांगितली, रोज बदलायच्या चादरींची सांगितली, ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंना बोलवा म्हणाला. तो जितकं सांगत गेला तितक्या अध्यक्षबाई मऊ होत गेल्या. शेवटी त्यांनी शिपायाला सांगून त्याच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला. साक्षीदाराची प्रकृती घटनेनंतर अद्याप पूर्ववत झालेली नाही, असं त्यांनी सांगितलं आणि शेजारच्या लेखनिकाने ते टिपून घेतलं. घटनेच्या वेळी रुग्ण वाहनात होता, हे सिद्ध. इशारादीप नियमानुसार होता, हे सिद्ध. बांबूला पगारी आजारपणाची रजा. तपासनिसाने उठून त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "विश्रांती घ्या. खरंच घ्या." हात तसाच मऊ होता.

बाहेर लाकडी बाकावर मावशींची लेक बसली होती. तिला आत बोलावलं नव्हतं. तक्रारदाराची गरज पडली नाही, असं शिपाई तिला सांगून गेला होता. मांडीवर दुकानाच्या किल्ल्या होत्या. बांबूला पाहून ती सरकली आणि त्याला जागा केली.

"काय ठरलं?"

बांबूने तिला सांगितलं. आत जे सांगितलं तेच, पण आणखी नीट. कायदा काय आहे, ते रोज कसे झोपतात, साहेब आत कसे चढले, तो कसा कण्हला, मामांनी काय थाप मारली, काटा कुठून कुठे गेला. समितीने काय ठरवलं तेही सांगितलं. ती शिव्या देईल, किंचाळेल, किंवा उठून त्या दारावर डोकं आपटेल असं त्याला वाटत होतं. खरं तर तसं व्हावं अशी त्याची इच्छा होती. तीन वेगळ्या लोकांनी तो आजारी असल्याचं ठरवलं होतं, निदान एकाने तरी त्याच्यावर विश्वास ठेवून त्याचा गळा धरायला हवा होता.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. तिचा विश्वास बसला होता. ते तिच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं.

"तुम्हाला तो ऑक्सिजन लागत नव्हता?" तिने विचारलं.

"नाही."

"मग काढला का नाही?"

बांबूकडे उत्तर तयार होतं. गाडी जप्त झाली असती. मामांचं लायसन गेलं असतं. तुझ्या आईकडे यायला गाडीच उरली नसती. त्यातलं एकही खोटं नव्हतं. गेले कितीतरी दिवस तो ते स्वतःला सांगत आला होता आणि आत्ता आत टेबलापुढेही सांगायला निघाला होता. पण ही मुलगी समिती नव्हती. ती त्याच्या तोंडाकडे सरळ पाहत होती, आईसारखेच डोळे, आणि तिला फक्त एवढं एकच कळून घ्यायचं होतं.

"साहेब समोर बसले होते," बांबू म्हणाला.